फळा डिजिटल झाला. पाठाचं निरीक्षण कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्ह्यातल्या आणखी काही शाळांना इंटरॲक्टिव्ह पॅनेल, म्हणजे फळ्याच्या जागी बोटानं चालवायचा मोठा डिजिटल पडदा, मिळणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. पॅनेल किती इंची, किंमत किती, फीत कोणी कापली, सगळं त्यात होतं. ज्यांनी ते रोज वापरायचं त्या शिक्षकांना मात्र कोणी काही विचारलेलं दिसलं नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण शक्यतो काटछाट करू नये, ही विनंती.

मी पाटोदा तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. आमच्याकडे एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि दोन टॅब आहेत. प्रोजेक्टर गावाच्या लोकवर्गणीतून आला. यात्रेच्या वर्गणीतले उरलेले पैसे सरपंचांनी शाळेकडे वळवले, बाकीचे पालकांनी शंभर-दोनशे करत जमवले. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्यावर जातं, अशा गावानं दिलेला हा पैसा आहे. त्या यंत्राचा मुलांना नेमका काय उपयोग झाला, याचा हिशेब मी गावाला देणं लागते, असं मला मनापासून वाटतं. आणि तो हिशेब फोटो काढून देता येत नाही.

प्रोजेक्टर आमच्या शाळेत बहुतेक आठवड्यांत लागतो. उद्या तो नेला, तर माझी अडचणच होईल. पण त्यावर जे जे लावलं त्यातलं काय मुलांपर्यंत पोचलं आणि काय नुसतं डोळ्यांपुढून गेलं, हे पाहायची सवय आम्हा शिक्षकांना कोणी लावली नाही, आणि आता तर ते एकमेकांना विचारायची जागाही उरलेली नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. तिसरीच्या एका कवितेचा व्हिडिओ आहे. चाल छान, चित्रं छान, खाली ओळी येतात आणि जो शब्द म्हटला जातो तो रंगतो. दोन-तीन दिवसांत मुलं हावभावांसह अख्खी कविता म्हणायला लागली. दारातून डोकावणाऱ्याला वाटावं, वर्ग घडाघडा वाचतोय. मग मी पडदा बंद केला, पुस्तकं उघडायला सांगितली आणि एकेकाला ओळीवर बोट ठेवून कविता म्हणायला लावली. तोंड पुढे गेलं, बोट मागे राहिलं. एक मुलगा शेवटचं कडवं म्हणत होता तेव्हा त्याचं बोट दुसऱ्या कडव्यावर होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. एका मुलीला मधलाच शब्द दाखवून विचारलं, "हा कोणता गं?" ती पहिल्या ओळीपासून गुणगुणत त्या शब्दापर्यंत आली आणि मग तो मोठ्यानं म्हणाली. दुसरा शब्द दाखवला, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. तिला कविता येत होती, पण तो शब्द वाचता येत नव्हता.

व्हिडिओ ज्यांनी केला त्यांनी मनापासून केला असणार. चाल मुलांना आवडते, लाजरी मुलंही तोंड उघडतात, हे मी रोज बघते. पण त्या व्हिडिओनं पाठांतर करून घेतलं आणि आपण ते वाचन समजून पुढच्या पाठाकडे निघालो, तर त्या मुलीचं वर्ष वाया जाईल. हा फरक पडद्याकडे बघून कळत नाही, त्यासाठी मुलाच्या बोटाकडे बघावं लागतं. आता माझ्या वर्गात कविता एक दिवस ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर कपाटात. तेव्हा फक्त पुस्तक आणि बोट.

दुसरा अनुभव टॅबवरच्या सरावाचा. वजाबाकीची दहा उदाहरणं, चार पर्याय, बरोबर आलं की हिरवा रंग आणि टाळ्यांचा आवाज. तिसरीतल्या एका मुलाला दहापैकी नऊ मिळाले. त्यालाच पाटीवर 52 वजा 37 घालून दिलं, तर त्यानं 25 लिहिलं. मी विचारलं, "मग टॅबवर कसं रे बरोबर आलं?" त्यानं अगदी सरळ सांगितलं, "मॅडम, हिरवं होस्तोर दाबायचं." त्या सरावात शेवटचा पर्याय धरला जातो, आधीच्या चुका दिसत नाहीत, हे मुलांना आमच्या आधी कळलं होतं.

त्या पाटीवरच्या 25 मध्ये किती माहिती आहे, ते बघा. मूल सातातून दोन वजा करतंय, कारण 'मोठ्यातून लहान जातं' एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं आहे. दशक सोडवून एकक करायचं त्याला उमगलेलं नाही. म्हणजे उद्या काड्यांचे गठ्ठे काढायचे, एक गठ्ठा त्याच्या हातानं सोडवायचा. चुकीच्या उत्तरातून शिक्षकाला उद्याचा पाठ सापडतो. टॅबवरच्या लाल रंगातून एवढंच कळतं की चुकलं. म्हणून आता टॅब दोघा-दोघांत देते आणि नियम असा, की आधी पाटीवर सोडवायचं, जोडीदाराला दाखवायचं, मग बोट लावायचं. सराव कमी होतो, पण जो होतो तो खरा होतो.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. चौथीच्या मुलांना शिवरायांच्या इतिहासात आरमार येतं, जलदुर्ग येतात. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, पण आमच्या मुलांनी तिला उन्हाळ्यात वाहताना क्वचितच पाहिलंय. समुद्र तर कोणीच पाहिलेला नाही. समुद्राच्या पाण्यात किल्ला म्हणजे काय, हे मी तोंडानं कितीही सांगितलं तरी मुलांच्या डोळ्यांपुढे सौताड्याच्या धबधब्याखालचा डोह येतो. सिंधुदुर्गाच्या तटावर लाटा आपटतानाचं जेमतेम दोन मिनिटांचं चित्रण लावलं आणि मध्येच थांबवलं. विचारलं, "पाणी नेहमी इथवरच असतं का?" सगळे गप्प. मग एक मुलगी उठून भिंतीपाशी गेली, तटावरच्या ओल्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितपर्यंत येऊन गेलंय. भिजल्यालं दिसतंय." तिथून वर्ग जो सुटला तो मधल्या सुट्टीपर्यंत. पाणी वर येतं तर जातं कुठं? रोज येतं का? मग बांधकाम करणाऱ्यांनी दगड कधी बसवले? गवंडीकाम करणाऱ्या बापाच्या मुलानं विचारलं, "ओल्यात चुना धरतोय का?"

भरती-ओहोटी मला त्यांना शिकवावी लागली नाही, त्यांनी ती ओढून घेतली. हे खडूनं झालं नसतं. पण हेही लक्षात घ्यावं, की पूर्ण चित्रण निवेदनासकट सलग लावलं असतं तर त्यात भरती-ओहोटीचं उत्तर पन्नासाव्या सेकंदाला मिळून गेलं असतं आणि त्या मुलीला उठायचं कारणच उरलं नसतं. आवाज बंद ठेवणं आणि नेमक्या जागी थांबवणं, हा निर्णय शिक्षकाचा. तो कुठल्याच पॅनेलबरोबर खोक्यात येत नाही.

आणखी एक सांगते, याला तर कोणी तंत्रज्ञान म्हणणारही नाही. ऊसतोडीच्या हंगामात आमची काही मुलं आजी-आजोबांकडे मागे राहतात. घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाबरोबर फडावर जातो. 2020 मध्ये शाळा बंद झाल्यावर रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवायचा असं ठरलं, तेव्हाही आमच्याकडे अडचण हीच होती. ज्या घरांत फोन होता, तिथेही तो मुलाजवळ नसायचा. मग आम्ही दिशा उलटी केली. मुलांनी आई-वडिलांना कागदावर पत्र लिहायचं, मी त्याचा फोटो काढून फडावर पाठवायचा. एरवी निबंधाच्या चार ओळींवर अडणारी पोर पान भरून लिहायला लागली. 'आई, शेळीला दोन पिल्लं झाली. एक काळं आहे. आज्जीचं गुडघं दुखतंय, तू मलम आण.' लिहिणाऱ्याला खरा वाचणारा मिळाला की अक्षरही सुधारतं. आईचं उत्तर बोलून भरलेल्या संदेशात यायचं, मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज. ते आम्ही वर्गात सगळ्यांनी मिळून ऐकायचो. मला विचाराल तर आमच्या शाळेतला मोबाइलचा सगळ्यात चांगला वापर हाच, आणि त्याला पैशांत म्हणावा तर काहीच खर्च नाही. पण कुठल्याही पोर्टलवर हा वापर भरायला रकाना नाही.

मी डी.एड. केलं त्या काळी सराव पाठांना मागच्या बाकावर निरीक्षक बसायचे. पाठ टाचणात 'शैक्षणिक साधने' असा रकाना असे आणि त्यावर कडक शेरे पडत. तक्ता पाठ सुरू व्हायच्या आधीच का टांगला? काम झाल्यावर का उतरवला नाही? प्रतिकृती स्वतःच्या हातात धरलीत, मुलांच्या हाती का दिली नाही? हे साधन नसतं तर पाठ अडला असता का? हे प्रश्न पुठ्ठ्याच्या घड्याळाला विचारले जात होते. लाखभर रुपयांच्या पॅनेलला मात्र ते विचारायचे नाहीत, असं कधी आणि कोणी ठरवलं? उलट पॅनेल दिवसभर चालू असलं की वर्ग प्रगत समजला जातो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला काम उभं केलं, तेव्हा त्यांच्यापुढे माँटेसरींची शास्त्रशुद्ध, पण महागडी साधनं होतीच. ती जशीच्या तशी आदिवासी पाड्यावर नेण्याऐवजी त्यांनी आधी पाहिलं, की या साधनातून मुलाचा हात, डोळा, कान नेमकं काय शिकतो. आणि मग तेच काम शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांच्याकडून करून घेतलं. बाहेरून आलेलं साधन तपासून, निवडून, बदलून घेण्याचा याहून मोठा धडा मराठी शिक्षकांना कुठं मिळणार? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेही आपल्या वर्गातल्या मुलांची गरज पाहून. पुढे ते कोड राज्यभराच्या पुस्तकांत आले. मात्र त्या कोडांबरोबर, कोणत्या पाठाला लावायचा आणि कोणत्या नाही, ही चर्चा आमच्या केंद्रापर्यंत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटापर्यंत, आली नाही.

याआधीही असंच झालं. 1984 साली पुण्यात शाळांसाठी टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी सुरू झाली आणि 2017 साली बंद झाली. आमच्या पिढीनं ते कार्यक्रम पाहिलेत, काही आजही आठवतात. माझ्या शाळेतला टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी पेटीत असायचा. पण तेहतीस वर्षांत कोणत्या विषयाला दूरचित्रवाणीचा पाठ उपयोगी पडला आणि कोणत्या विषयाला नाही, हे वर्गातल्या शिक्षकांकडून ऐकून कोणी आमच्यासारख्यांच्या हाती दिलं असतं, तर प्रोजेक्टर आला तेव्हा आम्हाला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली नसती. आता पॅनेल येतंय, त्याच्या मागोमाग कृत्रिम बुद्धिमत्ता येतेय. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच शिक्षणातलं तंत्रज्ञान हा होता. शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी दर छत्तीस महिन्यांनी बदलतात, आणि त्यांच्या उपयोगाबद्दल भक्कम, निःपक्षपाती पुरावा फार थोडा आहे, असं त्यात म्हटलंय. छत्तीस महिने म्हणजे आमचं दुसरीतलं मूल पाचवीत जाईपर्यंतचा काळ. वस्तू बदलतच राहणार. शिक्षकाची पारख पक्की असेल तरच मुलाचं काही भलं होईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडंच लिहिते. नवे शिक्षक मिनिटभरात सरावपत्रिका तयार करून आणतात. अपूर्णांकाच्या पत्रिकेत पिझ्झाचे आठ तुकडे होते, तिथं भाकरी करून घेणं सोपं आहे. माझी चिंता वेगळी आहे. उदाहरण स्वतः रचताना शिक्षकाला कळतं, की मूल इथं अडणार. ती रचण्याची खटपट गेली, तर हे कळणंही जाईल का? मला याचं उत्तर तरुण सहकाऱ्यांकडून ऐकायचं आहे, आणि त्यांनी 'नाही' म्हटलं, तर का ते वह्या दाखवून सांगावं.

पण ऐकायचं कुठं? दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. तिथे माहिती कुठल्या लिंकवर भरायची, कोणत्या शाळेची राहिली, फोटो कोणी टाकले नाहीत, यातच वेळ जातो. नवोपक्रम स्पर्धेसाठी जे लिहिलं जातं त्यात प्रत्येक उपक्रम यशस्वी असतो. अमुक साधन वापरलं आणि मुलांना काहीच समजलं नाही, असं लिहून कोणी बक्षिसाची आशा धरेल का? त्यामुळे ज्या अनुभवांतून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, तेच अनुभव शिक्षक स्वतःजवळ ठेवतो. शेजारच्या शाळेतही तोच व्हिडिओ, तेच रंगणारे शब्द, तशीच गाणारी मुलं असतील. पण तिथल्या बाईंना आणि मला एकमेकींचं हे माहीत नाही.

या विषयाला घराचीही एक बाजू आहे. 'प्रथम' संस्थेच्या असर 2024 या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. आमची मुलं लहान आहेत, पण मोठ्या भावंडांच्या मांडीवर बसून तेच बघतात. पडद्याकडे कसं बघायचं, कुठं थांबायचं, काय विचारायचं, हे त्यांना कुठंतरी दिसायला हवं. शाळेतही पडदा नुसताच चालू ठेवला, तर ते शिकवणार कोण?

माझं मागणं साधं आहे. शिक्षण परिषदेतला अर्धा तास वर्गासाठी राखून ठेवावा. एका शिक्षकानं एक पाठ सांगावा, साधन कोणतं वापरलं ते सांगावं आणि फोटोंऐवजी मुलांच्या वह्या, पाट्या समोर ठेवाव्यात. बाकीच्यांनी त्या वाचाव्यात आणि मूल कुठं अडलं ते शोधावं. त्या अर्ध्या तासात कोणाच्या नावापुढे शेरा पडू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात सगळे पाठ पुन्हा यशस्वी होतील. पॅनेल देण्याआधी शाळेला विचारावं, की तुम्हाला कोणत्या विषयासाठी, कोणत्या वर्गाला हवंय. ज्या शाळेला त्याऐवजी दोनशे गोष्टींची पुस्तकं हवीत, तिला ती मिळावीत. आणि यंत्राबरोबर त्याच्या विजेचा आणि दुरुस्तीचा खर्चही द्यावा. तीसपर्यंत पटाच्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान मिळतं. त्यातलं किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचं असतं, खडूपासून किरकोळ डागडुजीपर्यंत सगळं उरलेल्यात बसवायचं असतं. त्यात प्रोजेक्टरचा दिवा गेला, तर आम्ही पुन्हा गावापुढे हात पसरायचा का?

आपल्याकडेही एक विनंती. आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पानावर महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ शिक्षकांना द्यावा. विषय एकच असावा: यंत्र वापरून घेतलेला एक पाठ आणि त्यानंतर मुलांच्या वहीत काय दिसलं. शिक्षकाचं आणि शाळेचं नाव छापू नये. पहिला मजकूर मी पाठवते. वजाबाकीच्या पाट्यांचे फोटो माझ्याकडे आहेत, मुलांची नावं झाकून देईन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. पाटोदा, जि. बीड